पायाखालचं पाणी

भर चौकात क्लचचं पेडल तळाला टेकलं, लाँड्रीची जुनी व्हॅन आचका देऊन बंद पडली आणि मागचा ट्रक वीतभर अंतरावर थांबला. लोकांकडून ढकलून घेत तिने ती दुकानाच्या दारात आणली, तेव्हा दीर आपली नवीकोरी कार पुसत होता. “वहिनी, तुम्ही क्लचवर पाय ठेवूनच चालवता,” त्याने जुनंच तुणतुणं वाजवलं. तिने पेडलमागे हात घातला. क्लचच्या सिलिंडरमधून गळणारं ऑइल कोपरापर्यंत ओघळलं. खालची रबरी मॅट थबथबली होती. “भाऊजी, सिलिंडर बदला म्हणून किती दिवस कानीकपाळी ओरडतेय मी? हे ऑइल बघा.” “कसलं ऑइल? पाणी आहे ते, तुमच्याच चपलांचं.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मॅट ओढून काढली आणि त्याच्या कारच्या बॉनेटवर पालथी घातली. फडकं घेऊन तो धावला. “उचला ती, रंग जाईल.” “पाण्याने?”