आवाज नावाचा फोल्डर

"अजून न्हाई दिसायला," गोजरबाई म्हणाली. "नुसतं पांढरं पान हाय."

लेक राजेश्री नांदेडहून व्हिडिओ कॉलवर होती. सकाळपासूनचा हा चौथा कॉल.

"आई, नेटवर्कवर परत एकदा क्लिक कर. बाबांच्या कॉम्प्युटरचं नाव यायला पाहिजे."

नाव आलं नाही.

बाबांचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता, बारा वर्षांचा. मागच्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा पेन ड्राइव्ह लावायच्या त्याच्या खाचा जळाल्या होत्या. इंटरनेटची पानंही त्याच्यावर धड उघडत नसत. आतल्या फाइली बाहेर काढायला एकच वाट उरली होती, घरातल्या नेटवर्कवरून पुढच्या खोलीतल्या लॅपटॉपवर आणायची.

त्यात 'आवाज' नावाचा फोल्डर होता.

गोजरबाईचा नवरा रामप्रसाद पालमच्या शाळेत क्लार्क होता आणि तीस वर्षं देवळात पहाटेचा काकडा म्हणत आला होता. गेल्या दिवाळीत घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता तो पाटीवर लिहून बोले.

परभणीला लोकगीतांचा महोत्सव होणार होता. घरी केलेलं रेकॉर्डिंग पाठवा, निवडलेल्यांचा सन्मान होईल, असं पत्रक त्यानेच तिच्यापुढे ठेवलं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची.

"पाठवू," गोजरबाई म्हणाली. "तुमचा आवाज असा मशीनीत कोंडून न्हाई राहू द्यायची मी."

खरं तर ऑपरेशननंतर तिने त्याचं एकही जुनं रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं. कुणाच्या मोबाइलवर लागलं तरी ती उठून बाहेर जायची.

गुरुवारभर ती दोन खोल्यांमध्ये येरझारा घालत राहिली. दोन्हीकडे शेअरिंग चालू केलं. नेटवर्क 'पब्लिक' होतं ते 'प्रायव्हेट' केलं. फोल्डरला परवानगी दिली. केबल काढली, पुसली, पुन्हा बसवली. राजेश्री सांगेल ते सगळं वहीत लिहून ठेवलं.

मशीन बंद होऊन चालू होईपर्यंत ती पहाटे अंगण झाडताना म्हणायची तीच ओवी तोंडातल्या तोंडात गुणगुणत उभी राही. दारात बसलेल्या रामप्रसादकडे लक्ष गेलं की गप्प होई. त्याच्यापुढे गाणं तिला बरं वाटत नसे. तो हाताने खूण करी, चालू दे. ती पुन्हा कामाला लागे.

शुक्रवारी दुपारी राजेश्री म्हणाली, "आई, आता हे शेवटचं. राऊटर बंद करून चालू कर. आपला कॉल कटेल. परत लाव मग. तीनला माझी ड्यूटी हाय."

गोजरबाईने मागच्या खोलीत जाऊन राऊटरची पिन काढली. त्यावरचे दिवे विझले. ती पुढे आली, तर लॅपटॉपवर राजेश्री कुणाला तरी थांबायला सांगत होती. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ.

गोजरबाई उभीच राहिली.

"राजे," ती म्हणाली, "आपला डबा बंद हाय. मग तू कुणाच्या डब्यातून बोलायलीस?"

पलीकडे राजेश्रीने कपाळावर हात मारला. मग हसायलाच लागली.

लॅपटॉप शेजारच्या योगीराजच्या वायफायवर होता. दोन महिन्यांपूर्वी घरचं नेट बंद पडलं तेव्हा त्यानेच जोडून दिलं होतं, आणि ते तसंच राहून गेलं होतं. एक कॉम्प्युटर या घरात, दुसरा त्या घरात. एकमेकांना दिसणार कसे?

"मला न्हाई सुचलं गं हे, आई."

"ते ऱ्हाऊ दे. आता काय दाबू ते सांग."

डबा चालू झाला. लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला. तिथलं नेटवर्क पुन्हा 'प्रायव्हेट' करावं लागलं, ते तिने न विचारता केलं. पांढऱ्या पानावर छोटं चित्र उमटलं, खाली रामप्रसादचं नाव. पासवर्ड मागितला. त्याने पाटीवर लिहून दिला, तिने एकेक अक्षर दाबलं.

फोल्डर उघडला. दोनशे सोळा फाइली.

गोजरबाईने पदराने कपाळ पुसलं. ती सहावी शिकलेली होती, आणि दोन दिवसांत तिने दोन मशिनी एकमेकींशी बोलत्या केल्या होत्या. तिला एकदम लय हलकं वाटलं.

रामप्रसादने हेडफोन कानाला लावले. बराच वेळ शोधत राहिला. मग एका फाइलवर थांबला आणि डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली.

"कोणची हाय?" तिने विचारलं.

त्याने पाटीवर लिहिलं, 'पहाटेची'.

म्हणजे काकड्याची. तिला गलबलून आलं.

"तुमीच भरा तो फॉर्म," ती म्हणाली. "मी चहा टाकते."

ती कप घेऊन आली तेव्हा साडेचार झाले होते आणि फाइल गेली होती. रामप्रसाद हसत होता. ऑपरेशननंतर त्याला असं हसताना ती पहिल्यांदाच बघत होती. तिने शिरा केला, योगीराजच्या घरीही वाटी धाडली.

सोळा दिवसांनी फोन आला. दोघं ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. गोजरबाईने स्पीकर लावला.

"रामप्रसाद दुधाटे यांचंच घर ना? महोत्सवाच्या कार्यालयातून बोलतेय. तुमचं रेकॉर्डिंग पहिलं आलंय."

"अवो, पहिलं आलं," ती त्याला म्हणाली. तिचे डोळे भरले. रामप्रसादने शेंगा बाजूला सारल्या आणि तिच्याकडे बघत राहिला.

"उद्घाटनाला मंचावर गायला यायचंय," पलीकडची बाई म्हणाली. "अख्ख्या जिल्ह्यातून तोच आवाज सगळ्यांना आवडला."

गोजरबाईने फोन तोंडाजवळ धरला. "बाई, त्येंचं घशाचं ऑपरेशन झालंय. न्हाई गाता येत आता. सत्काराला मी घेऊन येते त्येंला."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"रामप्रसाद यांचं नाव रेकॉर्डिंग करणारे म्हणून आहे. गाणाऱ्या आहेत गोजरबाई. त्या आहेत का घरी?"