दीड मीटर करकोचे

भिंगरीही सासूबाईंच्या पसंतीस उतरली नाही. गोधडीचा हा चौथा नमुना.

तिने त्रिकोणी कागद एकेक करून उचलले. जमिनीवर अंथरलेल्या कापडावरचे करकोचे पुन्हा मोकळे झाले. वीतभर उंच, निळ्या पायांचे, प्रत्येकाची मान वेगळ्या दिशेला. कॉलेजातली मैत्रीण कापडावर छपाई करायची. बाळ झालं तेव्हा तिने हे दीड मीटर स्वतःच्या हाताने छापून दिलं होतं. असं दुसरं मिळणार नव्हतं. कात्री चुकली की चुकलीच.

गोधडी ठमीसाठी होती. ठमी दहा महिन्यांची, नुकतीच रांगत घरभर फिरायला लागलेली. ठरलं होतं ते असं: नमुना सुनेने निवडायचा, कापायचं-शिवायचं सासूबाईंनी, आणि गोधडी झाली की सुनेने कामावर रुजू व्हायचं. अट सासूबाईंचीच. पोरीला दुपारच्या झोपेला स्वतःचं पांघरूण असू दे, मग मी आहे आणि ती आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा ते गोड वाटलं होतं. त्यालाही आता दोन महिने होऊन गेले.

आठ टोकांच्या चांदणीत चोच शिवणीत जात होती. चौकटीत चौकट घातली तर पाय तुटत होते. मोठे चौकोन ठेवून भोवती पट्ट्या लावल्या, तर करकोचे गजाआड कोंडल्यासारखे दिसत होते. दर वेळी धाकधुकीने ती स्वतःच आधी बोलून मोकळी व्हायची, की आई, इथे चोच जरा दबतेय हं. सासूबाई म्हणायच्या, दबते ना, मग नको. तेही दारात उभ्या राहून. वाकून बघायचेसुद्धा कष्ट नाहीत.

सुनेने घराबाहेर पडू नये, एवढंच त्यांच्या मनात आहे, याबद्दल तिला आता शंका उरली नव्हती. उघड नाही म्हणायचं नाही, नमुन्यांना नाही म्हणत राहायचं. नवऱ्यापाशी बोलली तर तो म्हणाला, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, आणि हसला. त्याचं काय जात होतं? ऑफिसने दोनदा रजा वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा मागितल्यावर तिथल्या वरिष्ठ बाईंनी शांतपणे सांगितलं, की सोमवारी आला नाहीत तर तुमच्या जागी दुसरं कुणी येईल. आज गुरुवार होता.

जेवणं आटोपल्यावर तिने पाचवा नमुना काढला. मोठे षटकोन, प्रत्येकात एक अख्खा करकोचा. खुणा उलट्या बाजूने करायच्या, आणि या कापडाचा रंग तर नुसता वरच बसलेला. मागून ते पांढरं कोरं. म्हणून तिने पुढून टाचण्या टोचून प्रत्येक करकोच्याची जागा धरली, कापड पालथं घातलं आणि टाचण्यांच्या टोकांवरून खडूने षटकोन आखले. एरवी ती टाचण्या मोजून घ्यायची, मोजून डबीत ठेवायची. आज डोकं इतकं तापलं होतं की काढताना मोजायच्या राहिल्या.

सासूबाई दारात आल्या. त्या काही बोलायच्या आत तिने सांगून टाकलं, की हा आवडो न आवडो, सोमवारी मी जाणार, गोधडी झाली नाही तरी जाणार.

सासूबाई पहिल्यांदाच आत आल्या आणि कापडावर वाकल्या.

"हा छान आहे," त्या म्हणाल्या. "आता कसे उठून दिसतायत करकोचे."

तिला हसू फुटणारच होतं. तेवढ्यात तिची नजर खाली गेली. समोर कोरं पांढरं कापड होतं आणि खडूच्या पुसट रेघा. करकोचा एकही नव्हता.

तिने हळूच विचारलं, सगळ्यात चांगला कुठला वाटतो. सासूबाईंनी त्या कोऱ्या कापडावर बोट टेकवलं. हा मधला, म्हणाल्या, मान वळवलेला.

ठमी रांगत त्यांच्या पायाशी आली होती. तिच्या चिमटीत काहीतरी चमकलं आणि तोंडाकडे निघालं. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या, कौतुकाने. सुनेने झेप घालून तो चिमुकला हात धरला. ठमीने भोकाड पसरलं.

"काय होतं गं तिच्या हातात?"

"टाचणी, आई."

सासूबाई होत्या तिथेच, कापडावर बसल्या. ठमी हळूहळू शांत झाली. मग त्यांनी एकेक सांगितलं. आधी सुईचं नेढं दिसेनासं झालं, मग अक्षरं, मग माणसांचे चेहरे. आता जे बघावं त्याच्या मधोमध धुकं. मुलालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सून नोकरी सोडून घरी बसली असती, आणि ते त्यांना नको होतं. न सांगता पोर सांभाळायची तर छाती होत नव्हती.

"टाके अंदाजाने घालता येतात गं. मूल अंदाजाने नाही सांभाळता येत. म्हणून तुझा एकेक नमुना मोडत बसले."

ती ठमीला कडेवर घेऊन उठली आणि येत नसल्याचं ऑफिसला कळवायला फोन हातात घेतला. सासूबाईंनी चाचपडत तिचं मनगट गाठलं आणि घट्ट धरलं.

"सोमवारी तू जायचं. सांभाळायला एखादी बाई बघ," त्या म्हणाल्या. "आम्हा दोघींना."