परातीतला कार्बोरेटर

टप्. मनावर गावातल्या स्वयंपाकघरात परातीवर थेंब वाजला.

बोटीच्या पेट्रोल इंजिनाचा जुना कार्बोरेटर अजेयने सकाळीच बदलला होता. काढलेला खोलून, उन्हात कोरडाठक्क करून परातीत ठेवला आणि नवा बसवलेली बोट तपासायला तो नर्मदेत गेला.

विद्युल्लताने परात पुसली. कार्बोरेटरमधून पुन्हा टप्, टप्. तिने हुंगून पाहिलं. पेट्रोल नव्हे; गाळाचा वास येणारं गार पाणी.

तिने फोन लावला. "अहो, काठाला या आधी!"

"अगं विदू, इंजिन मक्खन चालतंय! हे सोबतचे भिया, दोस्त लोक, तर नाचतायत बोटीत," अजेय हसला.

आता थेंबांची धार झाली. परात काठोकाठ भरली.

चिमुकल्या देवश्रीने कार्बोरेटरला कान लावला होता.

"आई, बाबा फोनमध्ये हसतायत, मग यातून 'विदू, हात दे' म्हणून कोण ओरडतंय?"