नवा नॉक सेन्सर

मेहुण्याच्या शाळेच्या व्हॅनचा नॉक सेन्सर मिस्त्रींनी दुपारी तीनच्या आत बदलला. इंजिनातली ठोकठोक ऐकणारा एवढासा तुकडा. पण जुन्याला उगाचच काहीबाही ऐकू यायचं आणि डॅशबोर्डवरचा दिवा पेटायचा.

"आटपा दाजी, पोरं खोळंबतील."

"दम धर जरा." मिस्त्रींची एक सवय होती. इंजिन बंद ठेवून सेन्सरशेजारी पान्याने दोनदा ठोकायचं. स्कॅनरवर दोन रेघा उठल्या की काम फत्ते.

त्यांनी ठोकलं. दोन रेघा उठल्या. पाठोपाठ आणखी दोन.

"तू हात लावलास का रे?"

"मी? मी इथे दारात उभा आहे."

मिस्त्रींनी तीनदा ठोकलं. तीन रेघा उठल्या आणि जरा थांबून आणखी तीन. त्यांनी नवा काढून जुना सेन्सर परत जोडून पाहिला. त्यालाही तेच ऐकू आलं. म्हणजे तो बिघडलेला नव्हताच.

"झालं ना?"

"झालं," मिस्त्री म्हणाले. दुसरं सांगणार तरी काय? पाना खिशात टाकून त्यांनी एका हाताने बॉनेट खाली ओढलं.

बॉनेट बसलं मात्र, दुसऱ्या हातातल्या स्कॅनरवर रेघा उठायला लागल्या. घाईघाईने, एकीवर एक, थांबायचं नाव घेईनात.