सहावा बोल्ट

"तुझी पेटी उचल आणि चालता हो," थोरला मान वर न करता म्हणाला. त्याच्यासमोर इंजिन होतं, इंजिनावर नवं गॅस्केट, त्यावर झाकणासारखं हेड आणि हेडचे दहा बोल्ट. मधून सुरुवात करून आळीपाळीने कडेकडे जायचं, ठरलेला जोर लागून पान्याने कट् केलं की पुढचा धरायचा. चार आवळून झाले होते.

धाकटा पेटी न्यायलाच आला होता, पण तसा जाईल तर शपथ. "मागच्या महिन्यात ते इंजिन बसलं, तर बोल्ट ढिला ठेवल्याचं खापर माझ्या माथी. वर सगळ्या गॅरेजवाल्यांना सांगून आलास. मला आता कुणी दारात उभं करत नाही, दादा."

"खरं तेच सांगितलं. आईने लाडावून ठेवलेलं ध्यान, मोजणी कसली येतेय."

"आईला मध्ये आणू नकोस."

मग जी जुंपली ती विचारू नका. थोरल्याने लहानपणच्या चोऱ्या काढल्या, धाकट्याने वहिनीचं माहेर काढलं. तोंडाचा पट्टा चालू आणि पानाही चालू. आणि मध्येच थोरल्याचा हात थांबला. कितवा झाला, ते त्याला आठवेना. खडूने खुणा करायची त्याला लाज. खुणा शिकाऊ लोक करतात म्हणे.

"आठव्यापर्यंत आलायस. सहावा राहिलाय," धाकटा म्हणाला.

"तुझ्या शब्दावर? एकदा बुडालो तेवढं पुरे."

कानामागून येऊन कुणी शिकवलेलं त्याला कधी चाललंय? सगळे सोडून पुन्हा आवळीन, पण याचं ऐकणार नाही. त्याने साधा पाना घेतला आणि शेवटून सुरुवात केली. आठवा सोडताना खांद्यापर्यंत जोर लागला. सातवा करकरला. सहाव्याला पाना लावला, तर तो पान्याच्या नुसत्या वजनानेच फिरला.

थोरल्याने त्यावर तळहात ठेवला. पण धाकट्याने बघितलंच होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही, आणि त्याचाच त्याला आणखी राग आला.

"त्या दिवशी मीही मोजतच होतो. आणि तू असाच कानाशी कोकलत होतास."

थोरल्याने बोल्टवरचा तळहात उचलला.

"दार लाव," तो म्हणाला. "मला पहिल्यापासून मोजायचंय."

धाकट्याने पेटी उचलली. "आतून लावू की बाहेरून?"