सतरा वेळा तंदुरुस्त

“मोठा श्वास घ्या,” डॉक्टर म्हणाले. वेल्डरनं तो घेतला आणि खोकतच सुटला.

कारखान्यातली नोकरी सोडून त्याला आठवडा झाला होता. पुढच्या महिन्यापासून स्वतःचं वर्कशॉप, स्वतःचं मशीन. पण नोकरीबरोबर कारखान्याचा आरोग्य विमाही गेला होता. आता तो पदरमोड करून काढायचा. पाच लाखांचा की दहाचा, यावरून नवराबायकोत चार दिवस खडाजंगी चालली. तो म्हणे, पाच पुरे. बायको म्हणे, “दुकान तुमच्या दोन हातांवर चालणार. उद्या तुम्ही आडवे झालात तर मी काय शटरकडे बघत बसू?” शेवटी दहा ठरले. विमा कंपनीनं तपासणीसाठी या दवाखान्यात धाडलं.

डॉक्टरांनी काम चोख केलं, तेवढं कबूल करायला हवं. पाठ ठोकून पाहिली, नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो उजेडात धरला. विमा कंपनीचे पैसे वाचवायचे असले की माणसाला असं नीट तपासतात! मग त्यांनी चष्मा काढला.

“धुरानं फुफ्फुसं पार खराब झालीत. हे वर्षा-दोन वर्षांचं दुखणं नाही. दहा लाखांचं सोडा, पाचाचाही विमा कुणी देणार नाही.”

बायको कसली गप्प बसतेय! “असं कसं? दर वर्षी कारखान्यात तपासणी व्हायची की!” तिनं पिशवीतून फाइल काढून टेबलावर आपटली. सतरा वर्षांचे सतरा दाखले. प्रत्येकावर एकच शब्द, तंदुरुस्त.

“तपासणीत काय करायचे?” डॉक्टरांनी विचारलं.

“वजनकाट्यावर उभं करायचे,” वेल्डर म्हणाला. “डॉक्टर कधी बघितलाच नाही आम्ही. सही केलेल्या कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा कारकुनाकडे असायचा. तो नाव घालायचा. मुकादम सांगायचा, आत खोकलात तर बोनस बुडेल. मग आम्ही शहाणे बाहेरच पोटभर खोकून आत जायचो.”

डॉक्टर लालबुंद झाले. “अहो, पहिल्या पाच वर्षांत कुणी कान लावला असता तर ही छाती वाचली असती! कुठल्या गाढवानं सह्या केल्यात या?”

त्यांनी फाइल ओढली. पहिला दाखला पाहिला. दुसरा पाहिला. तिसरा उलटलाच नाही.

सही त्यांचीच होती.

“गठ्ठा यायचा,” ते पुटपुटले. “दर वर्षी. मी... सह्या करून द्यायचो.”

वेल्डरच्या कपाळाची शीर तटतटली. ज्याच्या तोंडावर ओरडायचं, तो माणूस सतरा वर्षांनी आज समोर आला होता आणि नेमका आत्ताच त्याला खोकला आवरेना.

डॉक्टरांनी विम्याचा फॉर्म पुढं घेतला. आवाज एकदम खाली आला. “मी तंदुरुस्त लिहितो. दहा लाखांचा मिळून जाईल. कुणाला कळायचं नाही.”

“लिहू दे की गं,” वेल्डर कसाबसा म्हणाला.

बायकोनं फॉर्मवर पंजा ठेवला. “अजिबात नाही. खरं काय ते लिहा. फुफ्फुसं, धूर, सतरा वर्षं, सगळं. कारखान्याकडून भरपाई मागायला आम्हाला तोच कागद लागणार आहे.”

मग तिनं हात उचलला.

“आणि खाली सही करा, डॉक्टर. ह्यांना तपासून केलेली तुमची ही पहिलीच.”