असंबद्ध

"म्हातारबाबा भ्रमिष्ट झालेत, मॅडम. नाव विचारलं की म्हणतात, 'दुखतंय.' वार विचारला की म्हणतात, 'उजवीकडे, खाली.' आज मनोरुग्ण विभागात हलवतोय," खाटेपासून दोन हात लांब उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरने मास्कआडून सांगितलं.

म्हातारबाबांची नजर एकेका झाकलेल्या तोंडावर खिळत होती आणि हताश होऊन पुढच्याकडे वळत होती. ते बघून मोठ्या डॉक्टरबाई खाटेवर टेकल्या. त्यांनी मास्क काढला. "बाबा, नाव काय तुमचं?"

बाईंच्या ओठांकडे बघत बाबांनी नाव सांगितलं, मागोमाग वारही. "कारखान्यात कान गेले, बाई. ओठ बघून कळतं. ह्यांची तोंडं झाकलेली. म्हटलं, दवाखान्यात दुसरं काय विचारणार?"

बाईंनी पोटावर उजवीकडे हात ठेवला, तसे बाबा कळवळले. पोट लाकडासारखं कडक झालं होतं.

"ऑपरेशनची तयारी करा, आत्ताच्या आत्ता."

"पण मॅडम, ते धड काही सांगतच नव्हते."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दुखतंय म्हणाले, कुठे तेही म्हणाले. आणखी काय सांगायचं होतं त्यांनी?"